मिडियम फॉरमॅट डिजिटल कॅमेरा घ्यावा का? पैसे मोजण्याआधीची पडताळणी, पायरीपायरीने

‘मिडियम फॉरमॅट’ म्हटलं की डोळ्यांसमोर अवाढव्य सेन्सर येतो. प्रत्यक्षात फुजीफिल्मची जीएफएक्स मालिका आणि हॅसलब्लाडची एक्स मालिका, म्हणजे नव्याने या वाटेला वळणारा माणूस ज्यांचा विचार करतो ते कॅमेरे, ४३.८ × ३२.९ मिमी सेन्सरचे आहेत. हा लेख फुल-फ्रेम किंवा एपीएस-सी कॅमेरा बऱ्यापैकी वापरता येणाऱ्या आणि आता ‘पुढचं काय’ हा प्रश्न पडलेल्या मंडळींसाठी आहे. खाली दिलेल्या क्रमाने गेलात तर महिना-सव्वा महिन्यात तुमचं उत्तर तुम्हालाच मिळेल. अनेकांच्या बाबतीत ते ‘नको’ असं येतं, हे आधीच सांगून ठेवतो.

पायरी १ : कागद घ्या, सेन्सरचं क्षेत्रफळ काढा

फुल-फ्रेम ३६ × २४ मिमी, म्हणजे ८६४ चौरस मिमी. वरचा मिडियम फॉरमॅट १४४१ चौरस मिमी. फरक १.६७ पट. आता एपीएस-सी घ्या: २३.५ × १५.६ मिमी, साधारण ३६७ चौरस मिमी. एपीएस-सीवरून फुल-फ्रेमवर जाताना क्षेत्रफळ २.३६ पट वाढतं. म्हणजे तुम्ही आधी मारलेली उडी आता मारणार आहात त्यापेक्षा मोठी होती. तेव्हा फोटोंत किती फरक पडला ते आठवा आणि त्याहून थोडी कमीच अपेक्षा धरा.

फिल्मच्या काळातली गोष्ट निराळी. ६×६ ची निगेटिव्ह ५६ × ५६ मिमीची, ३५ मिमी फिल्मच्या साडेतीन पटींहून मोठी. मिडियम फॉरमॅटच्या नावाला जे वलय आहे ते त्या साडेतीन पटींचं आहे, आजच्या १.६७ पटींना ते वारशाने मिळालंय. ५३.४ × ४० मिमीचा मोठा सेन्सरही मिळतो, उदाहरणार्थ फेज वनच्या १५० मेगापिक्सेलच्या आयक्यू४ बॅकमध्ये (कॅमेऱ्याच्या मागे जोडायचा सेन्सरचा भाग), आणि तो फुल-फ्रेमच्या जवळजवळ अडीचपट भरतो. पण तो स्टुडिओ, संग्रहालयं आणि हवाई सर्वेक्षणवाल्यांचा प्रांत. नवख्याने त्याच्या वाटेला जायचं कारण नाही.

आणखी एक आकडा लिहून ठेवा: ३.७६ मायक्रॉन. जीएफएक्स १०० मालिका आणि हॅसलब्लाड एक्स२डी यांच्या १०० मेगापिक्सेल सेन्सरवरच्या एका पिक्सेलचा हा आकार. सोनी ए७आर ४ आणि ए७आर ५ या ६१ मेगापिक्सेल फुल-फ्रेम कॅमेऱ्यांचा पिक्सेलही तेवढाच आहे. ‘मिडियम फॉरमॅटचे पिक्सेल मोठे, म्हणून चित्र चांगलं’ हे वाक्य त्यामुळे आज खरं नाही. पिक्सेल तेवढेच, फक्त जास्त मांडलेत. ५० मेगापिक्सेलच्या आधीच्या पिढीत मात्र ते ५.३ मायक्रॉनचे होते.

पायरी २ : तुमचे फोटो शेवटी कुठे दिसतात ते लिहा

घोडं बहुतेक इथेच पेंड खातं. मागच्या वर्षभरात तुम्ही जे फोटो कोणाला तरी दिले किंवा दाखवले, त्यांची यादी करा. प्रत्येकासमोर तीन गोष्टी लिहा: शेवटचा आकार, बघणाऱ्याचं अंतर, कापलेला आकार.

अंतराचं गणित सोपं आहे. सर्वसाधारण चांगली नजर साधारण एक कोनीय मिनिटाइतका तपशील वेगळा ओळखते. त्यावरून, ८७०० या आकड्याला अंतराच्या सेंटिमीटरने भागलं की प्रिंटमध्ये दर इंचाला किती पिक्सेल पुरेत ते निघतं. ३० सेंमीवरून २९०, ५० सेंमीवरून १७४, एक मीटरवरून ८७.

आता ४० इंच रुंद प्रिंट धरा. भिंतीवर टांगलेलं, लोक सव्वा मीटरवरून बघणार. ८७०० भागिले १२५, म्हणजे ७० पिक्सेल दर इंचाला. गुणिले ४०, म्हणजे रुंदीला २८०० पिक्सेल. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात ६००० असतात, दुपटीहून जास्त. तेच प्रिंट कोणी नाक लावून ३० सेंमीवरून बघणार असेल, तर २९० गुणिले ४०, म्हणजे ११६००. जीएफएक्स १००ची लांब बाजू ११६४८ पिक्सेलची आहे. म्हणजे १०० मेगापिक्सेलचा पुरेपूर उपयोग करायचा तर एक मीटर रुंदीचं प्रिंट हवं आणि ते हातभर अंतरावरून न्याहाळणारा माणूस हवा. असं काम असतं: चित्रांची प्रतिकृती, जुनी हस्तलिखितं, कापडाची वीण, दागिने, गॅलरीतली निसर्गचित्रं. पण तुमच्या यादीत ते किती वेळा आलंय?

फोनच्या पडद्यासाठी आणि लग्नाच्या अल्बमसाठी हे गणित करायचीही गरज नाही.

कापलेल्या आकाराचा रकाना मात्र नीट बघा, कारण तिथे मिडियम फॉरमॅटचा एक फायदा दडलेला असतो. त्याचा सेन्सर ४:३ आहे, फुल-फ्रेम ३:२. तुम्ही फोटो ५:४ मध्ये कापत असाल, म्हणजे ८ × १० किंवा १६ × २० इंचांत, तर १०० मेगापिक्सेलमधून ९५ उरतात आणि ६१ मधून ५०. जवळजवळ दुप्पट फरक. उलट १६:९ मध्ये कापत असाल तर ७६ विरुद्ध ५१, म्हणजे दीडपटच. उभी व्यक्तिचित्रं आणि चौकोनी रचना करणाऱ्यांना हा कॅमेरा जास्त देतो, लांबट दृश्यं टिपणाऱ्यांना कमी.

पायरी ३ : लेन्स ०.७९ ने गुणा

‘पार्श्वभूमी कशी लोण्यासारखी विरघळते बघा!’ हा या कॅमेऱ्यांच्या कौतुकातला ठरलेला संवाद. तपासून बघू. ४४ × ३३ च्या सेन्सरसाठी फोकल लेंग्थ आणि अ‍ॅपर्चर दोन्ही ०.७९ ने गुणलं की फुल-फ्रेमवरची जोडी मिळते.

फुजीची ११० मिमी एफ/२, तिच्या व्यक्तिचित्रांसाठी नावाजलेली लेन्स: ८७ मिमी, एफ/१.६.
८० मिमी एफ/१.७: ६३ मिमी, एफ/१.३५ च्या आसपास.
६३ मिमी एफ/२.८: ५० मिमी, एफ/२.२.
३२-६४ मिमी एफ/४ झूम: २५-५१ मिमी, एफ/३.२.
१००-२०० मिमी एफ/५.६ झूम: ७९-१५८ मिमी, एफ/४.४.

फुल-फ्रेममध्ये ८५ मिमी एफ/१.४ सर्रास मिळते, एफ/१.२ ही मिळते. ५० मिमी एफ/१.८ ही बहुतेक कंपन्यांची अगदी स्वस्तातली लेन्स असते. झूममध्ये एफ/२.८ हा तर नेहमीचाच आकडा. म्हणजे धूसर पार्श्वभूमीसाठी मिडियम फॉरमॅट घेणं उलट्या दिशेचा प्रवास आहे. तिथे फुल-फ्रेमच पुढे आहे. या लेन्सांचं खरं बळ वेगळं: उघड्या अ‍ॅपर्चरलाही कडेपर्यंत टिकणारी तीक्ष्णता, आणि धारदार व धूसर यांच्यामधला संथ उतार. तो फरक खरा आहे, पण तो लेन्सच्या बांधणीतून आलेला असतो. ‘मिडियम फॉरमॅट लुक’ नावाची वेगळी जादू सेन्सरमध्ये नाही.

हाच गुणाकार उलटाही लागू होतो. निसर्गचित्रात फुल-फ्रेमवर एफ/११ ला जेवढी खोली (जवळपासून दूरपर्यंतचा भाग) धारदार मिळायची, तेवढ्यासाठी इथे एफ/१४ लागतो. आणि ३.७६ मायक्रॉनच्या पिक्सेलवर एफ/११ च्या पुढे डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) बारीक तपशील पुसट व्हायला लागतो: एफ/११ ला प्रकाशबिंदूची चकती सुमारे १५ मायक्रॉनची होते, म्हणजे चार पिक्सेल रुंद. यावर उतारा म्हणजे एफ/५.६ किंवा एफ/८ वर राहून फोकस ब्रॅकेटिंग करणं, म्हणजे फोकस थोडा थोडा सरकवत अनेक फ्रेम घेणं, आणि त्या नंतर जोडणं. वाऱ्यात हलणाऱ्या गवतावर तेही चालत नाही.

पायरी ४ : नॉइज, डायनॅमिक रेंज आणि १६ बिट

एकाच अ‍ॅपर्चरला, एकाच शटरला १.६७ पट सेन्सर तेवढाच जास्त प्रकाश गोळा करतो. स्टॉपमध्ये (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) ०.७४, म्हणजे पाऊण स्टॉप. पण खोली सारखी ठेवायची म्हणून तुम्ही दोन-तृतीयांश स्टॉप अ‍ॅपर्चर बंद केलंत, आणि शटर तेवढंच राखायला आयएसओ वाढवलात, की तो फायदा संपला. राहतो कुठे? ट्रायपॉडवर किंवा स्टुडिओ फ्लॅशखाली, जिथे एक्सपोजर हवं तेवढं वाढवता येतं. तिथे मोठा सेन्सर पाण्याच्या मोठ्या हंड्यासारखा: भरायला जास्त लागतं, पण मावतंही जास्त.

इथे एक बारकावा सहसा कोणी सांगत नाही. निकॉन डी८५० आणि झेड८ यांचा मूळ आयएसओ ६४ आहे. जीएफएक्स १०० आणि १००एसचा १००. चौसष्ट आणि शंभरमधला फरक दोन-तृतीयांश स्टॉपचा. म्हणजे तो फुल-फ्रेम कॅमेराही आपला छोटा हंडा तेवढाच जास्त भरून घेतो, आणि सावल्या उपसताना, म्हणजे अंधारे भाग नंतर उजळताना, दोघांत डावं-उजवं करणं कठीण होतं. एक्स२डीचा मूळ आयएसओ ६४ आणि जीएफएक्स १०० २ (म्हणजे १०० ची दुसरी आवृत्ती) चा ८० आहे, म्हणून तिथे मिडियम फॉरमॅट पुन्हा थोडा पुढे सरकतो. थोडाच.

१६ बिट रॉबद्दल फार हळवं होऊ नका. शेवटच्या दोन बिटांत बहुतांश नॉइजच असतो. बऱ्याच मॉडेलांत १६ बिट निवडलं की वेग पडतो आणि फाइल फुगते. आधी १४ बिट लॉसलेसवर काम करून बघा.

पायरी ५ : हा कॅमेरा काय करत नाही

यादी छोटी आहे, पण तुमचं काम तिच्यात बसत असेल तर पुढचं वाचायची गरज नाही.

वेग. जीएफएक्स ५०एस सेकंदाला ३ फ्रेम, १००एस ५, एक्स२डी ३.३. जीएफएक्स १०० २ आठपर्यंत जातो. खेळ, पक्षी, धावणारी मुलं यांसाठी बाकीचं जग यापेक्षा कितीतरी पुढे आहे. ५० मेगापिक्सेलच्या मॉडेलांत फेज डिटेक्शन फोकस, म्हणजे लेन्स कुठे किती हलवायची ते थेट मोजणारी पद्धत, नाहीच. कॉन्ट्रास्ट पद्धतीने लेन्स पुढे-मागे हलून फोकस शोधते आणि चालत्या माणसाला हमखास चुकवते. १०० मेगापिक्सेलच्या पिढीत फेज डिटेक्शन आलं आणि हा प्रश्न बराच सुटला.

इलेक्ट्रॉनिक शटर. या मोठ्या सेन्सरवरची माहिती वरपासून खालपर्यंत वाचायला वेळ लागतो, अनेक मॉडेलांत सेकंदाचा चौथा-सहावा हिस्सा. तेवढ्यात विषय हलला की खांब वाकडे, चेहरे ताणलेले, आणि एलईडी किंवा ट्यूबलाइटखाली आडवे पट्टे. स्थिर वस्तूला ट्रायपॉडवर उत्तम, इतरत्र मेकॅनिकल.

फ्लॅश. ही बाब जरा सविस्तर बघू, कारण इथे दोन घराण्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. लेन्स बदलता येणाऱ्या जीएफएक्समध्ये शटर बॉडीत, पडद्याचं. फ्लॅश सिंक, म्हणजे फ्लॅशशी जुळणारा सर्वांत जलद शटर वेग, १/१२५. हॅसलब्लाड एक्समध्ये शटर लेन्सच्या आत, पाकळ्यांचं. फ्लॅश १/२००० पर्यंत जुळतो. भर उन्हात आयएसओ १०० ला ढोबळ एक्सपोजर एफ/१६, १/१०० असतं. पार्श्वभूमी नीट ठेवून फ्लॅशने चेहरा उजळायचा, तर १/१२५ ला अ‍ॅपर्चर एफ/१४ पर्यंत बंद करावं लागतं. १/२००० ला तेच काम एफ/३.५ वर होतं. अ‍ॅपर्चरमध्ये चार स्टॉपचा फरक म्हणजे फ्लॅशला सोळावा हिस्सा ताकद पुरते. एनडी (प्रकाश कमी करणारा) फिल्टर लावून एफ/३.५ गाठता येतं, पण तो फ्लॅशचाही प्रकाश खातो, त्यामुळे जड फ्लॅश सुटत नाही. उघड्यावर फ्लॅश घेऊन काम करणाऱ्याने जीएफएक्स घेतला तर तो १/२५० सिंकच्या फुल-फ्रेमवरून एक स्टॉप मागेच जातो. एवढी एक गोष्ट न बघता घेतलेले कॅमेरे लवकरच विकायला निघतात.

हॅसलब्लाडच्या या रचनेची दुसरी बाजूही आहे. बॉडीत शटरच नसल्याने अडॅप्टर लावून दुसरीकडची साधी लेन्स वापरली की फक्त ते संथ इलेक्ट्रॉनिक शटर उरतं. जुन्या लेन्सांचा शौक असेल तर जीएफएक्स बरा.

व्हिडिओ हवा असेल तर एक्स२डी १००सी बाद. त्यात व्हिडिओ नाहीच.

पायरी ६ : हातातल्या कॅमेऱ्यातून आधी जास्त पिक्सेल काढून बघा

जास्त तपशील खरोखर हवाय की नुसता हवासा वाटतोय, हे बघायला पैसे लागत नाहीत. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा उभा धरा, एक फ्रेम ४००० × ६००० पिक्सेल. पाच फ्रेम डावीकडून उजवीकडे घ्या, प्रत्येकीत शेजारच्या फ्रेमचा ३० टक्के भाग. पहिलीचे ४००० आणि पुढच्या चौघींचे २८०० प्रमाणे ११२००. एकूण १५२०० × ६०००, म्हणजे ९१ मेगापिक्सेल.

करायची रीत अशी. ट्रायपॉड लेव्हल करा. फोकस, एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही मॅन्युअल. यातलं एक जरी ऑटोवर राहिलं तरी आकाशात उभ्या पट्ट्या दिसतात. ५० मिमी किंवा त्याहून लांब लेन्स वापरा. जवळची वस्तू फ्रेममध्ये असेल तर कॅमेरा ट्रायपॉडच्या स्क्रूभोवती न फिरवता लेन्सच्या प्रवेश-छिद्राभोवती फिरवावा लागतो, त्यासाठी स्लायडिंग रेल मिळते. ते केलं नाही तर कुंपणाच्या तारा जोडावर तुटतात. समुद्राच्या लाटा आणि गर्दी यांना ही युक्ती लागू नाही.

दुसरा मार्ग पिक्सेल शिफ्टचा, म्हणजे सेन्सर किंचित सरकवत अनेक फ्रेम घेण्याचा. सोनी ए७आर ५ सोळा फ्रेम जोडून २४० मेगापिक्सेल देतो. जीएफएक्स १०० मालिकेतही सोळा फ्रेममधून ४०० मेगापिक्सेल निघतात. दोन्हीकडे अट एकच: काहीही हलता कामा नये. जमिनीवरून चालणाऱ्या माणसाच्या कंपनानेही जाळीदार खुणा येतात.

महिनाभर हे करून बघा. एकही मोठं प्रिंट काढावंसं वाटलं नाही, तर पुढच्या पायऱ्या वाचायचं कारण नाही.

पायरी ७ : दोन दिवस भाड्याने आणा आणि आंधळी चाचणी करा

हातच्या काकणाला आरसा कशाला? मात्र नुसतं आणून हिंडू नका. नवा कॅमेरा हातात आला की माणूस जास्त जपून, जास्त विचार करून फोटो काढतो, आणि त्या काळजीचं श्रेय सेन्सरला जातं. म्हणून तुमचा सध्याचा कॅमेराही बरोबर ठेवा.

पहिल्या दिवशी ट्रायपॉडवर एक स्थिर दृश्य घ्या: पुस्तकांचं कपाट, विटांची भिंत, पानांनी भरलेलं झाड. फुल-फ्रेमवर ५० मिमी, एफ/५.६, आयएसओ १००. मिडियम फॉरमॅटवर ६३ मिमी, एफ/७.१, आयएसओ १००, शटर दोन-तृतीयांश स्टॉप संथ. दोन्हीकडे दोन सेकंदांचा टायमर आणि इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन शटर (सुरुवात इलेक्ट्रॉनिक, शेवट पडद्याने, म्हणून धक्का कमी). हॅसलब्लाडमध्ये लेन्समधलंच शटर असल्याने नुसता टायमर. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद. फोकस पडदा मोठा करून हाताने. प्रत्येकी तीन फ्रेम, दर वेळी फोकस हलवून पुन्हा लावायचा आणि तिघींतली सर्वांत तीक्ष्ण ठेवायची. नाहीतर तुम्ही कॅमेऱ्याची नाही, फोकसच्या एका चुकीची तुलना करत बसाल. त्यानंतर दोन्हीवर चार स्टॉप अंडरएक्सपोज केलेली एकेक फ्रेम घ्या. सावल्या किती उपसता येतात ते तिच्यावरून कळेल.

दुसऱ्या दिवशी तुमचं नेहमीचं काम, नेहमीच्या घाईत, दोन्ही कॅमेऱ्यांनी. इथे पायाखालची वाळू सरकते. २४ मेगापिक्सेलवर एका पिक्सेलएवढा असलेला हाताचा हलकासा कंप १०० मेगापिक्सेलवर जवळपास दोन पिक्सेलचा होतो. ११० मिमी एफ/२ ने दीड मीटरवरच्या चेहऱ्यावर फोकस केला, तर पूर्ण आकारात बघताना खऱ्या अर्थाने धारदार असा पट्टा जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा असतो. पापण्या धारदार आणि बुबुळ मऊ, हा या कॅमेऱ्यांवरचा सगळ्यांत ठराविक अपघात. हातात धरून काम करताना स्टॅबिलायझेशन नसलेल्या जीएफएक्स ५०एस, ५०आर, एक्स१डी या बॉड्यांवर शटर निदान फोकल लेंग्थच्या दुपटीने ठेवा: ६३ मिमीला १/१२५.

आता प्रिंट. अख्खं ४० × ३० इंचाचं छापायची गरज नाही. त्या आकाराचा ए४ एवढा तुकडा छापा. १०० मेगापिक्सेलच्या फाइलमधून तो साधारण ३४०० × २४०० पिक्सेलचा निघेल. ६१ मेगापिक्सेलच्या फाइलला आधी ४:३ मध्ये कापा, मग तेवढ्याच भागाचे साधारण २४७० × १७४५ मिळतील. दोन्ही सारख्याच मापावर, एकाच कागदावर, आकारानुसार शार्पनिंग करून छापा. मागे पेन्सिलने खूण करा, फेटा, आणि फोटोग्राफर नसलेल्या तीन-चार जणांना एक मीटरवरून दाखवा. मग ३० सेंमीवरून. कोणतं बरं हे विचारा, का ते विचारू नका. शेवटी स्वतः बघा, मागची खूण न पाहता.

दोन्ही अंतरांवरून अंदाजपंचे उत्तरं आली, तर निकाल स्पष्ट आहे. फक्त ३० सेंमीवरून फरक दिसला, तर दुसऱ्या पायरीतली यादी पुन्हा काढा.

पायरी ८ : बॉडीमागचा खर्च मांडा

१०० मेगापिक्सेल गुणिले दोन बाइट, म्हणजे न दाबलेली १६ बिट रॉ फाइल २०० एमबीच्या थोडी वर. सहाशे फ्रेमचं एक सत्र १२० जीबी. मूळ आणि दोन प्रती ठेवल्या तर ३६० जीबी, एका दिवसाचे. १४ बिट लॉसलेस निवडलं की ते जवळजवळ निम्म्यावर येतं.

संगणकावर आणखी पुढची अडचण. ही फाइल १६ बिट रंगात उघडली की एकेक थर ६१० एमबीचा. चार थर झाले की फोटोशॉपच्या पीएसडी फाइलची २ जीबीची मर्यादा ओलांडते, सात झाले की टिफची ४ जीबीची. रात्रभर रिटचिंग करून सेव्ह दाबल्यावर संगणक नकार देतो, तेव्हा हे कळणं फार महागात पडतं. पहिल्या थरापासून पीएसबीमध्ये (फोटोशॉपचा मोठ्या फाइलींसाठीचा प्रकार) सेव्ह करा. मेमरी ३२ जीबी किमान, फोकस स्टॅकिंग करणार असाल तर ६४. आणि तुमचं नेहमीचं रॉ सॉफ्टवेअर त्या नेमक्या कॅमेऱ्याच्या फाइल उघडतं का ते घेण्याआधी बघा. या वर्गात ते गृहीत धरता येत नाही.

वजन: १००एसची बॉडी ९०० ग्रॅम, ११० मिमी लेन्स एक किलोच्या वर. ट्रायपॉडचं हेड दोन किलोंवर न डुगडुगणारं हवं. खर्चाच्या कागदावर बॉडी, दोन लेन्स, बॅटऱ्या, कार्ड, डिस्क, मेमरी आणि हेड एकाखाली एक लिहा. बॉडीची किंमत बेरजेच्या निम्म्यावर आली तर दचकू नका, तो नेहमीचाच प्रकार आहे. तीच बेरीज फुल-फ्रेमसाठी एक उत्तम लेन्स आणि दोन चांगले दिवे यांच्याशी ताडून बघा. व्यक्तिचित्रं आणि वस्तूंचे फोटो काढणाऱ्याला दुसऱ्या रकान्यातून मिळणारा फरक बहुतेक वेळा प्रिंटमध्ये जास्त दिसतो, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पायरी ९ : घ्यायचाच ठरला तर वापरलेला घ्या, आणि असा तपासा

सुरुवातीला एक बॉडी, एक लेन्स. नेहमी वापरता त्या फोकल लेंग्थला ०.७९ ने भागून जवळची लेन्स निवडा: ३५ मिमीवाल्याला ४५, ५० वाल्याला ६३. स्टुडिओ आणि ट्रायपॉडपुरतं काम असेल तर ५० मेगापिक्सेलची पिढीही पुरते. हातात धरून काम करायचं तर २०२१ चा जीएफएक्स १००एस किंवा त्यानंतरचं, स्टॅबिलायझेशन आणि फेज डिटेक्शन दोन्ही असलेलं १०० मेगापिक्सेलचं मॉडेल. ५०एस २ मध्ये स्टॅबिलायझेशन आहे, फोकसची पद्धत मात्र जुनीच. फायरवायर या जुन्या जोडणीने संगणकाला लावायच्या डिजिटल बॅक स्वस्तात दिसतात. त्या चालवायला तितकाच जुना संगणक लागतो आणि त्यांच्या बॅटऱ्या मिळवणं हा वेगळा उद्योग होतो. लांब राहा.

तपासताना आधी धूळ. लेन्स एफ/१६ वर, फोकस अनंतावर, पांढऱ्या भिंतीसमोर कॅमेरा किंचित हलवत एक सेकंदाची फ्रेम घ्या. भिंतीवरचे डाग हलण्याने पुसले जातात, सेन्सरवरचे तसेच राहतात. सुके ठिपके ब्लोअरने जातात. कडा असलेले गोल डाग ओल्या स्वॅबने पुसावे लागतात, आणि स्वॅब ४४ × ३३ मिमी सेन्सरच्या मापाचा हवा, फुल-फ्रेमचा २४ मिमी रुंद स्वॅब एका ओढीत पुरत नाही.

मग लेन्सवर झाकण ठेवून तीस सेकंदांची फ्रेम, पेटलेले पिक्सेल मोजायला. भिंतीवर आडवी-उभी रेघ धरून चारही कोपरे एफ/४ ला तपासा. एकच कोपरा मऊ असेल तर लेन्स आपटलेली आहे.

पाकळ्यांचं शटर असलेल्या लेन्समध्ये एक जास्तीची तपासणी आहे, आणि ती प्रत्येक लेन्सला वेगळी करायची, कारण शटर तिच्यात आहे. एकसारख्या उजेडात, मॅन्युअलवर, १/६० पासून १/२००० पर्यंत एकेका स्टॉपने फ्रेम घ्या आणि दर वेळी अ‍ॅपर्चर तेवढंच उघडत जा. सगळ्या फ्रेम जवळपास सारख्या उजळ यायला हव्यात. वरच्या वेगांना त्या एकेक करून उजळत किंवा काळवंडत गेल्या तर पाकळ्या नाहीतर अ‍ॅपर्चरची पाती अडकतायत. ती दुरुस्ती सर्व्हिस सेंटरमध्येच होते, तेव्हा तिचा खर्च किमतीतून वजा करून मगच आकडा बोला.